साडभाऊच्या घरचा गारवा

नागपुरात हुडकेश्वरला माझं आणि साडभाऊचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, घर एकाच गल्लीत, समोरासमोर. दोघांच्या गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा घासाघीस अर्थातच मी केली. भंगाराच्या धंद्यात मी शून्यातून उभा राहिलो आहे. समोरचा कुठे ढिला पडेल, हे मला लगेच कळतं. सोलरचा साधा इन्व्हर्टर लाईट गेली की बंद पडतो, वर कितीही ऊन असो, पुढेमागे बॅटरी जोडायची तर आत्ताच हायब्रीड घ्या, असं विक्रेता सांगत होता. महागाचा माल खपवतोस काय, म्हणून मी त्याला झापलं. साडभाऊ शेजारी बसून मान हलवत होता.

नंतर त्यानेच गुपचूप फोन करून स्वतःसाठी हायब्रीड मागवला. सूट मात्र मी भांडून मिळवलेली.

यंदा त्याने बॅटरी बसवली. मे महिन्यात भर दुपारी लाईट जायची. माझ्या गच्चीवर पॅनल तापत पडलेले, खाली मी पेपरने वारा घेतोय, आणि समोरून त्याच्या कूलरची घरघर.

सासरे दर उन्हाळ्यात कन्हानहून यायचे ते मोठ्या जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे. हा मान माझा. यंदा मात्र अशाच एका दुपारी ते पिशवी उचलून समोर राहायला गेले. मी तणतणत मागे गेलो, तर ते कूलरसमोर आमरस खात बसलेले.

साडभाऊ म्हणाला, "या भाऊ, बसा. थंड हवा खा."

"हायब्रीड घेतला तं मले सांगितलं काहून नाही?"

"तुमच्यासमोर तोंड उघडाची हिंमत कोणाची हाय, भाऊ?"

सासरे हसले. त्याच्या कूलरपेक्षा मला ते हसणं जास्त झोंबलं.

मी विक्रेत्याला बोलावलं. बॅटरी लागेल, पण आधी इन्व्हर्टर बदलावा लागेल, असं तो घाबरत म्हणाला. मी भाव न पाडता हो म्हटलं. त्याला ते पटेना. मी आणखी काही बोलेन म्हणून तो बराच वेळ चहाचा रिकामा कप धरून बसला.

बॅटरी लागली तशी मी सासऱ्यांची पिशवी स्वतः उचलून आणली. आणि नेमकी तेव्हापासून लाईट जाईना. मी वाट पाहून राहिलो. बायको म्हणाली, "लोकं लाईट याची वाट पाहतात, तुमचं भलतंच असते जी."

शेवटी एका दुपारी गेली. आमचा कूलर फिरतच राहिला. मी सासऱ्यांना हलवून जागं केलं.

"मामाजी, लाईट गेली."

"गेली काय? मले तं समजलंच नाही, जवाईबापू." ते डोळे चोळत उठून बसले आणि दाराकडे पाहू लागले. "त्याच्याकडचा कूलर चालू हाय ना? पाहा बरं."

"माहीत नाही जी," मी म्हणालो, आणि दार लोटून घेतलं.