आबांच्या पाटीवरची खालची ओळ

मी इंटरव्ह्यूत खोटं बोललो होतो.

आणि ज्यांचं नाव लपवलं, ते रामदास आबा आज सकाळी गेले.

एरंडोलला स्टँडसमोर आबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान; शेतपंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे. माझ्या नात्यातले ते कोणी नाहीत. इंजिनिअरिंग झालं होतं, नोकरी नव्हती, आणि घरी जो तो विचारायचा, "कॉल आला का?" आबा विचारायचे नाहीत. म्हणून अख्खी दुपार मी त्यांच्या बाकड्यावर.

त्या दुपारी अजून डोळ्यांपुढे तरंगतात. वार्निशचा वास, तांब्याच्या तारेवर सरकणारं ऊन, पंख्याची कुरकुर. मी अर्धा जागा, अर्धा झोपेत.

मधेच फोन वाजायचा. शेतातून कुणीतरी ओरडायचं, "आबा, मोटार चालत नही!"

आबा फोन स्पीकरवर टाकायचे. स्वतःचा आवाज मुद्दाम हळू करायचे.

"शेवटली बराबर कव्हय चालनी व्हती?"

शेवटची नीट कधी चालली होती, एवढंच.

 मग तो माणूस सांगायला लागायचा. काल सकाळी चालली. केळीला पाणी सोडलं. पोरगी डबा घेऊन आली होती. बोलता बोलता आवाज निवळायचा आणि मग तो स्वतःच अडखळायचा, "हा आबा... मंग दुपारले भाऊनी स्टार्टर उघाडं व्हतं."

सापडला फॉल्ट.

मी एकदा आबांना विचारलं, सरळ 'काय केलं' असं का नाही विचारत?

"काय करं आसं इचारं का माणूस घाबरस रे भाऊ. मंग खोटं बोलस."

मग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत टेक सपोर्टचा इंटरव्ह्यू आला. त्याआधी दोन ठिकाणी आपटलो होतो. पॅनेलवरच्या मॅडम म्हणाल्या, मी चिडलेली कस्टमर, माझा लॅपटॉप बंद पडलाय, बोला.

आधीच्या दोन्ही ठिकाणी मी घाईघाईत "रीस्टार्ट केला का?" म्हणालो होतो. या वेळी माझ्या तोंडून आबा बोलले. मोडक्या इंग्रजीत. शेवटचा नीट कधी चालला होता, मॅम?

मॅडम चिडायचं विसरल्या.

"रविवारी," म्हणाल्या. "मुलगी गाणी लावून नाचत होती." आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग विचारलं, "हे कुठे शिकलात?"

खरं उत्तर जिभेवर होतं. पण त्या काचेच्या खोलीत मला ग्रीस लागलेल्या बाकड्याची लाज वाटली.

"ऑनलाइन कोर्स केला, मॅम."

सिलेक्ट झालो. पेढे घेऊन दुकानात गेलो. आबांनी पेढा हातातच धरला.

"मनं नाव सांगं का तठे?"

"हा आबा, सांगं ना."

हे दुसरं खोटं. नाव मी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला गेलो तर दुकानाला नवी पाटी. वर 'मोटार रिवाइंडिंग'. त्याखाली 'सबमर्सिबल दुरुस्ती'. आणि सगळ्यात खाली, पिवळ्या रंगात: 'पुण्याच्या कंपनीत नाव निघालेले.'

अख्खं स्टँड हसलं. आबा मात्र आल्यागेल्याला ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवायचे. मी मान खाली घालून चहा प्यायचो. दर दिवाळीला ठरवायचो, या वेळी सांगून टाकू. धीर झाला नाही.

इतकी वर्षं हेडसेट लावून मी अनोळखी माणसांना तोच प्रश्न विचारतोय. माणसं भांडायला येतात आणि तो प्रश्न ऐकून कुठेतरी लांब निघून जातात. नातवाच्या फोटोंपाशी, नवऱ्याच्या जुन्या मेलपाशी. मी ऐकत राहतो आणि एसीत बसून मला वार्निशचा वास येतो.

टीममध्ये सगळे म्हणतात, ही तुझी ट्रिक. मीही म्हणू दिलं.

आता मी स्वतः पॅनेलवर बसतो. आज इंटरव्ह्यू चालू असताना आबांच्या मुलाचा फोन आला. "आबा गयात."

अंत्यविधी दुपारीच होता, लगेच निघूनही शेवटचं दर्शन मिळणार नव्हतं. आणि बाहेर धुळ्याची एक मुलगी फाइल छातीशी धरून बसली होती. तिला आत बोलावलं.

तीही घाईत म्हणाली, "रीस्टार्ट केला का?" आणि चुकलं हे कळून पार गोठली. मी तिला आबांचा प्रश्न सांगितला.

शेवटी म्हटलं, तुला काही विचारायचंय?

"सर, तो प्रश्न तुम्ही कुठे शिकलात?"

खोली तशीच, काचेची.

"एरंडोलला. रामदास आबांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात."

आवाज फुटला माझा. शेजारी बसलेल्या मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "कोण रे हे आबा?"

आणि मी सगळं सांगितलं. बठ्ठं.

आबा, पुण्याच्या कंपनीत आज तुमचं नाव निघालं.

मी निघालोय. पाटी उतरवू नका, एवढं तुमच्या मुलाला सांगितलंय. ती ओळ आता खरी आहे.

माफ करा आबा. सावकाश जा.