रुमालाखाली निवडलेला विषय

आमच्या साडूंना विचारल्याशिवाय लातूर जिल्ह्यात कलिंगडसुद्धा आतून लाल होत नाही, असं माझी बायको म्हणते. आणि ती त्यांची सख्खी मेहुणी असल्यामुळं हे थोडं कमी करूनच सांगत असणार. निवड करणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. धंदा लातूरच्या बाजारात भुसार मालाच्या आडतीचा. म्हणजे सकाळपासून सोयाबीनच्या ढिगात हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर घोळवायचे, एखादा दाताखाली फोडायचा आणि आवाजावरून ओलावा सांगायचा. एवढ्यावर थांबले असते तर आम्ही सुखी झालो असतो. पण दुकानाबाहेरचं जगही त्यांच्या लेखी पोत्यात भरलेला मालच आहे. उदगीरला लग्नाला जायचं तर एसटीत ऊन कुठल्या बाजूनं येणार याचा हिशोब करून ते सगळ्यांच्या जागा ठरवतात, आणि गाडीनं वळण घेतलं की अख्ख्या वऱ्हाडाला उठवून पुन्हा बसवतात. पेढे आणायला गेले तर चार दुकानांतले चाखतात आणि तृप्त मनानं मोकळ्या हातांनी घरी येतात. माझ्या लग्नाच्या वेळी मला बघायला तेच आले होते. पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. पंगतीत माझ्यासमोर बसले, मी जेवताना एकटक बघत राहिले आणि सासऱ्यांना म्हणाले, "भाकर चावून चावून खाऊन राहिला. मानूस दमाचा हाय. द्या पोरगी." माझी निवड भाकरीवर झाली, हे मी बँकेत अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही राहतो नांदेडला, आणि आमची मुलगी प्राची इथंच सिव्हिल इंजिनिअरिंग शिकते. जर्मनीतल्या एका विद्यापीठात एक सेमिस्टर शिकायला तिच्या कॉलेजातून तिचं नाव गेलं, तेव्हा घरात जो आनंद झाला तो विषय निवडायची वेळ येईपर्यंत टिकला. बाकीचे विषय कॉलेजनं जुळवून दिले होते. एकच राहिला होता आणि त्यासाठी चार पर्याय होते. शनिवारपर्यंत तो निवडून विभागप्रमुख मॅडमची मंजुरी आणली नाही, तर प्राचीची जागा यादीतल्या तिच्या मागच्या मुलाला जाणार होती. आता लातूरकडच्या नातेवाइकांना विषय म्हटलं की दोनच प्रश्न पडतात: मार्क किती पडतात आणि क्लास कुठला लावायचा. जर्मनीत क्लास नसतात म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले, आणि फोनवरून एकमुखानं कौल आला की दोन नंबरचा विषय घ्यावा. तो होता प्रकल्प व्यवस्थापनाचा. पेपर सोपा, मार्क भरपूर. खरं सांगायचं तर मीही त्याच मताचा होतो. प्राचीचं मत कुणी विचारलं नव्हतं.

अशा वेळी साडू लातूरहून येणार नाहीत तर काय करतील! आल्या आल्या त्यांनी विषयांची माहिती प्राचीकडून मराठीत वाचून घेतली. 'विद्यार्थ्यांना सखोल आकलन होईल' हे वाक्य चारही ठिकाणी ऐकून ते खवळले. "अगं माय, असं समदेच म्हनतेत! आत किडका माल हाय, असं पोत्यावर कुनी लिहितंय का? दाताखाली घेतल्याबगर कळत न्हाई. नमुना मागव." म्हणजे चारही प्राध्यापकांना पत्र पाठवून एकेक तास बघायला मागायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काय आश्चर्य, चौघांनीही आपापल्या तासाचं चित्रीकरण पाठवलं. वर, असं मागणारी ही पहिलीच विद्यार्थिनी, असं एकानं कौतुकानं लिहिलं. तेव्हापासून साडूंचा आवाज एक पट्टी वर गेला तो गेलाच.

मग आमच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर जर्मनीचे मास्तर अवतरले. साडूंना त्यातला एक शब्द कळत नव्हता, त्यामुळं त्यांचं लक्ष कुठंही विचलित होत नव्हतं. पहिल्याला त्यांनी दहा मिनिटांत नापास केलं. "ह्यो पोरांकडं बगंना. फळ्याशीच बोलून राहिला." दुसरा, मार्कवाला, हसतमुख होता, साडू खूश झाले. तिसऱ्याच्या वेळी त्यांना डुलकी लागली आणि तोच त्यांनी निकाल मानला. चौथा विषय भूकंपात टिकणाऱ्या इमारतींचा होता. त्या मास्तरांनी एका हलणाऱ्या टेबलावर दोन छोटी घरं ठेवली. टेबल हादरू लागलं. एक घर डुलत राहिलं आणि दुसरं बसल्या जागी कोसळलं. किल्लारीच्या आसपास ज्यांचे सोयरेधायरे आहेत, त्यांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. बायकोनं पदर तोंडाला लावला. प्राची खुर्चीच्या अगदी टोकावर आली होती.

तास संपल्यावर त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझा हात ओढून घेतला आणि दोघांच्या हातांवर तो पांघरला. बाजारात पूर्वी भाव असाच ठरायचा: रुमालाखाली बोटं दाबायची, बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. आता सगळे सौदे उघड होतात, पण साडूंची बोटं ती रीत विसरायला तयार नाहीत. दिवाणखान्यात आम्ही चौघंच होतो, आणि लपवायचं ते घरच्याच दोन बायकांपासून! त्यांनी माझी दोन बोटं दाबली. थांबले. पुन्हा दोन दाबली. मी पडलो बँकेतला माणूस. बेरीज केली आणि मोठ्यानं सांगितलं, "चौथा!"

माझं तोंड मिटायच्या आत प्राचीनं अर्जात चौथा विषय भरून पाठवायचं बटण दाबलं होतं.

"अहो साडूभाऊ!" साडू ओरडले, "दोन म्हनलो मी, दोन! पुन्यांदा दाबलं म्हंजी सौदा पक्का!" पण निवड एकदा पाठवली की बदलता येत नव्हती. साडू रुमालाकडं बघत बसले आणि मग त्यांची नजर प्राचीकडं गेली. पोरीचा चेहरा नुसता फुलला होता.

"तुला ह्योच पायजे होता का गं?"

"हो, काका."

"मंग तोंडानं कामून न्हाई बोललीस?"

"सगळे मार्कांचंच बोलत होते."

साडूंनी रुमाल खांद्यावर टाकला. "मग सौदा पक्का. मॅडमकडं म्या येतो."

मॅडमनी स्वच्छ नकार दिला. हा विषय आपल्याकडं वरच्या वर्षाला आहे, जड आहे, मुलगी नापास झाली तर वर्ष जाईल, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. माझी मान आपोआप हलू लागली. साडू मात्र हात जोडून उभे. "मॅडम, तुमचं बराबर हाय. पन आमच्या बाजारात माल बगितल्याबगर न्हाई म्हनायची रीत न्हाई. एकडाव बगा, मंग खुशाल न्हाई म्हना." मॅडम हसल्या, पाच मिनिटं दिली. प्राचीनं फोनवर तो तास लावला. घरं हलू लागली तशा त्या पुढं सरकल्या. समोरच्या त्यांच्या चहावर साय धरली. कोसळलेलं घर त्यांनी स्वतः मागं नेऊन पुन्हा पाहिलं, आणि एकदम प्राचीला विचारलं, "हे पडलं आणि ते का नाही पडलं, सांग." प्राची सांगू लागली. मॅडम अडवायच्या, ती पुन्हा सांगायची, शेवटी तिनं कागद ओढून घेऊन आकृतीच काढली. मला ओ का ठो कळलं नाही, पण माझ्या मुलीला इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. मॅडमनी सही केली.

त्यानंतरच्या विजययात्रेचं वर्णन करणं माझ्या लेखणीला झेपणार नाही. नांदेड ते लातूर एसटीतल्या कंडक्टरपासून निलंग्याच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांना साडूंनी बातमी दिली. सांगायचं सूत्र एकच: "म्या पयल्यापासून चारच म्हनत होतो." मी ते कधीही खोडलं नाही.

प्राची निघायच्या आधी त्यांच्या पाया पडायला लातूरला गेली, तेव्हा दुकानात मीही होतो. ती म्हणाली, "काका, तिथं परीक्षा न देता आणखी एका वर्गात बसता येतं. तो विषय तुम्ही निवडा. माझ्यासाठी नको, तुम्हाला शिकायला आवडेल असा." साडू हसायला गेले आणि मध्येच थांबले. "मला कुनी इचारलंच न्हाई की गं कधी," ते म्हणाले. "दहावी झाली, बापानं ह्या गादीवर बसवलं. बसलो." सगळ्या जगाच्या निवडी चुटकीसरशी करणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला आठवडा लागला. मग त्यांचा फोन आला, दबक्या आवाजात, "नद्यांचा हाय का गं कायी?"

होता. आता दर गुरुवारी प्राची त्या तासाला बसते आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून काकांना तो मराठीत सांगते. परवा शुक्रवारी कामानिमित्त लातूरला गेलो, तर बाहेर लिलावाचा गोंगाट चाललेला, आणि साडू गादीवर मांडी घालून फोन कानाला लावून बसलेले. "आन् आपल्या मांजरा नदीनं वळन कामून घेतलं असंल?" असं विचारून ते उत्तर ऐकत होते. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली.