बोटभर पोकळी

फोनवर मुलगा आधी म्हणाला, "आई, साचा भरलेला आहे." आणि मग, "आत्या गेली…" मी राजापूरला भाच्याच्या लग्नाच्या पंगतीत होते. पहिल्या वाक्याने मी चिडलेच, की मेलीला साचा भरायला माझी वाट बघवली नाही! दुसरं वाक्य पोचायला वेळ लागला. इंदू, माझी धाकटी नणंद, संध्याकाळी साच्यात सिलिकॉन ओतून झोपली आणि सकाळी उठलीच नाही. त्याला आता काही आठवडे झाले. अजूनही काही गंमत ऐकली की ती तिला सांगायला मी अर्ध्या अंगणापर्यंत जाऊन परत येते.

आमच्या रत्नागिरीच्या घरामागे सासऱ्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची लांब पडवी. इंदू तिथेच वाढली. लग्न केलं नाही, "मला मातीत हात घालू देईल असा भेटला तर बघू," म्हणायची. पण गणपतींनी तिचं पोट भरेना. "देव दोन तुकड्यांच्या साच्यातून निघतो, वहिनी. राक्षसाला पाच लागतात!" मुंबईच्या सिनेमावाल्यांना अंगात घालायचा समुद्रराक्षस हवा होता. सिलिकॉन म्हणजे काय हे कळायच्या आधी हिने हो म्हणून टाकलं. पहिले घाणे न जमलेल्या खरवसासारखे चिकट राहिले. पण मागे हटेल ती इंदू कसली.

अशा पोशाखासाठी आधी घालणाऱ्याच्या देहाचा प्लास्टरचा पुतळा लागतो. नटाची मापं आली आणि अख्ख्या घरात ती फक्त मला लागू पडली. तेव्हाची मी चाळिशीची, उंच, धिप्पाड आणि स्वतःवर बेहद्द खूश. मला वाटलं, आपल्या बांध्याची अखेर कुणीतरी कदर केली! ह्यांचा जुना लेंगा-बनियन घालून, सर्वांगाला व्हॅसलीन फासून मी हनुवटी वर करून उभी राहिले. इंदूने ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. थोड्या वेळाने अंग तापायला लागलं तशी मी किंचाळले.

"अगो, प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. घाबरू नको, मी आहे ना इथे. आणि पोट आत घेऊ नको, राक्षसाला पोट असतं."

तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि तशाच उलट्या पावली गेल्या. गावभर झालं की थोरल्या सुनेची हाडं मोडली. मी मात्र पुतळा बघून महिनाभर ऐटीत होते. तो जपून ठेवला तो कायमचा. पुढचे सगळे राक्षस इंदूने त्याच्यावरच घडवले, बाहेरून राक्षस आणि आतून मी.

शेवटचा राक्षस आमच्या वाडीत नमन-खेळे करणाऱ्या मंडळासाठी, शिमग्याला नाचवायचा. त्याचे कल्ले खरे दिसायला हवेत म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघी म्हाताऱ्या हर्णेच्या मासळी लिलावात गेलो. इंदू दिसेल त्या माशाचा कल्ला उचकटून आत बघत होती. शेवटी एक कोळीण कडाडली, "घ्यायचा नाय तर त्याच्या कल्ल्यात बोटा कशाला घालतेस? डागतर हाईस?" इंदू गंभीरपणे म्हणाली, "नाही हो, शिंपीण आहे." परतीच्या एसटीत आम्ही इतक्या हसलो की कंडक्टरने तिकिटं दोनदा तपासली.

पुतळ्यावर तिने शाडूचा राक्षस चढवला. त्यावर प्लास्टरच्या साच्याचे पाच तुकडे केले, पाठीचा, पोटाचा, दोन कुशींचे आणि शेवटी कल्ल्यांचा इवलासा, कारण जिथे साचा अडकेल तिथे वेगळा तुकडा करावा लागतो. मग शाडू काढून पुतळा परत मधे उभा केला आणि भोवती साचा दोरांनी बांधला. शाडू होता तेवढी पोकळी उरली, बोटभर. त्यात सिलिकॉन, तेच रबरासारखं घट्ट झालं की राक्षसाचं कातडं.

तेराव्यानंतरही मी त्या साच्याला कुणाला हात लावू दिला नाही. दोर सुटेपर्यंत इंदूचं काम चालू आहे, असं आपलं वाटायचं. मंडळाची माणसं येत, पाणी पीत, साच्याकडे बघत. शेवटी एकजण म्हणाला, "आजी, होळी आली." एवढी तिची शेवटची वस्तू, फाटली तर पुन्हा घडवणारं कोण होतं?

मुलाने पाचर घेतली. "पाठीपासून सुरू करू?"

"खबरदार!" मी ओरडले. "मी पहिल्यांदा तिथेच हात घातला होता, तर आत्याने चापट मारली होती. काय म्हणायची ती? जो तुकडा शेवटी केला, तो आधी निघतो."

शेवटी कल्ल्यांचा केला होता. तुकडे चिकटू नयेत म्हणून लावायच्या साबणपाण्याचं भांडं धरून तेव्हा मीच बसले होते. आता तो अलगद सुटला. शेवटी आलेलं आधी जायचं… ह्यांच्या भावंडांत सगळ्यांत शेवटी जन्मलेली तीच होती. मी तो तुकडा पदराने पुसून बाजूला ठेवला. मग डावी कूस, उजवी, पोट आणि पाठ. राक्षस अखंड निघाला. कल्ले थेट हर्णेचे.

नाचणाऱ्या पोराने तिथेच अंगात घालून बघितला. "आजी, कुठेच दाटत नाही. कोणाच्या मापाचा?"

"होती एक गर्विष्ठ बाई," मी म्हटलं.

शिमगा झाला. साच्याचे तुकडे सुटे ठेवले तर वाकडे होतात, म्हणून इंदू करायची तसे पुतळ्याभोवती परत बांधून ठेवलेत. आत चाळिशीची मी, हनुवटी वर. भोवती तिच्या बोटांनी कोरलेलं सगळं, उलटं उमटलेलं. मधे बोटभर पोकळी. दुपारचा चहा मी हल्ली तिथेच घेते, एक हात साच्यावर ठेवून. प्लास्टर गार असतं. तरी थोडा वेळ हात तसाच ठेवते.