शस्त्रक्रियेआधीचा मोरया

प्रोस्टेटचा कर्करोग आहे हे कळलं तेव्हा मरणाची फारशी भीती वाटली नाही, पण शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा राहणार नाही, हे ऐकून मी खचलो. डॉक्टरांनी समजावलं की हा त्रास कमी व्हावा म्हणून आधीपासूनच ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा आणि सोडायचा व्यायाम करायला हवा. तो शिकवायला माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टर आली. मी मान खाली घालून ऐकलं आणि घरी काहीच केलं नाही. बायकोने विचारलं की म्हणायचो, गणपतीवर सोडलंय सगळं. ती म्हणे, "अहो, त्याच्यावर किती म्हणून टाकाल?" आणि पुढ्यात चहा ठेवून जवळच बसून राही.

एकदा तपासण्या झाल्यावर बायको रिपोर्ट आणायला गेली आणि मी रुग्णालयाच्या दारातल्या गणपतीसमोर जप करत बसलो. मन लागेना. हा ऐकतोय तरी का, अशी शंका आली. शेजारी एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. धायरीहून आले होते. बोलता बोलता कळलं, त्यांचीही हीच शस्त्रक्रिया झालेली. आवाज न दबवता म्हणाले, "व्यायाम करता ना? मी जपाबरोबर करायचो. एका मोरयाला आवळायचं, दुसऱ्या मोरयाला सोडायचं."

मी संकोचून म्हणालो, "देवाचं नाव, आणि त्या जागेसाठी?"

"अहो, वरचा देह त्याचा आणि खालचा तुमचा, अशी वाटणी कुणी केली?" ते हसले. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला आणि ते उठून गेले.

त्या संध्याकाळपासून मी व्यायाम सुरू केला. बायको वाती वळता वळता माझ्याबरोबर मोरया म्हणायची. शस्त्रक्रिया नीट पार पडली. लघवीची नळी काढल्यावर कपडे भिजायचे, मी रडकुंडीला यायचो. ती मुकाट्याने चादर बदलायची. हळूहळू ताबा येत गेला. एका सकाळी अंथरूण कोरडं होतं. मी तिला हाक मारली. तिने चादरीवरून हात फिरवला आणि डोळे मिटून हात जोडले.

ते गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. त्यांना कुणी पाठवलं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला एवढंच उमगलं, की त्याच्यावर सोडायचं तर लाज, भीती, दुखरा देह, सगळं घेऊन त्याच्यापुढे बसावं आणि सांगितलेलं करत राहावं. आता फिरायला निघतो तेव्हा ओठांवर नाव असतं, शेजारी ती असते. आणखी काही मागावंसं वाटत नाही.