रक्त न येणाऱ्या हिरड्या

हिराबाईंच्या हिरडीवरून मी प्रोब फिरवला आणि रक्त आलंच नाही. प्रोब म्हणजे बोथट टोकाची बारीक सळई. हिरडी सुजलेली असली की सळईच्या नुसत्या स्पर्शानेही रक्त येतं. सहा आठवड्यांपूर्वी जागोजागी आलं होतं. आज कुठेच नाही. दातांवरचा थर मात्र जसाच्या तसा.

वाशीच्या आमच्या सेंटरमध्ये एका टूथपेस्टची ट्रायल चालू होती. तिने हिरड्या सुधारतात का, ते बघायचं होतं. निम्म्यांना ती पेस्ट, निम्म्यांना साधी. ट्यूब सारख्याच पांढऱ्या. कोणाला कुठली मिळाली ते त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. हिराबाई करावे गावच्या, मासळी विकतात. त्यांच्या शेजारच्या चौघीही ट्रायलमध्ये होत्या. त्या दिवशी पाचही जणींचं रक्त थांबलेलं.

आमचे हेड सर खूश झाले. मला मात्र एक ओळखीचा वास आला. साताऱ्याकडच्या आमच्या घरात रोज सकाळी येतो तो, तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा. आई त्याच्या पुडीने दात घासते. आमच्याकडे मिश्री म्हणतात, इकडे मशेरी.

"मावशी, मशेरी लावलीत?"

"रोज नाय गो. तुज्याकडं यायचं असलं का सकाली लावते. हिरड्या घट व्हतात."

"फॉर्म भरताना तंबाखू नाही म्हणालात की!"

"खातंय कोन? दातांना लावते."

"पण कशासाठी?"

"रगत आला का तुजा तोंड एवढासा व्हतो. पोरी, तुजी नोकरी जायाची, म्हनून पाचीजनींनी लावली."

"माझ्या तोंडाला मास्क असतो, मावशी."

"डोलं झाकतेस का?"

तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात. रक्त कमी दिसतं, आजार तिथेच राहतो. मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"पाच जणी काढायच्या म्हणजे पाच नव्या घ्यायच्या," सर म्हणाले. "रिपोर्ट लांबणार. तुझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपतंय, माहितेय ना?"

"माहितेय, सर. पण ते रक्त पेस्टने थांबलेलं नाही. आणि माझा चेहरा बघून त्यांनी हे केलं. चूक माझीही आहे."

"लेखी देशील?"

कागद मी आधीच लिहून आणला होता. तो टेबलावर ठेवला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रवेशाचा फॉर्म शाळेतल्या बाईंनी शेजारी बसून भरून दिला होता. खोट्या नोंदीखाली सही करायला नाही.

सर कंपनीशी बराच वेळ फोनवर बोलले. पाच जणी गेल्या, पाच नव्या आल्या. हिरड्या तपासायला दुसरी डॉक्टर आली, मी फॉर्म भरून घ्यायला बसले. काम अर्धवट होतं म्हणून कॉन्ट्रॅक्टही वाढलं. शेवटी नव्या पेस्टने रक्त साध्या पेस्टपेक्षा थोडं कमी झालेलं दिसलं. कंपनीला हवं होतं तेवढं नाही. पण दिसलं ते खरं होतं.

आता मी तंबाखू खाता का, असं विचारत नाही. सकाळपासून दातांना काय काय लावलं, ते विचारते. आणि पुढच्या ट्रायलला पुन्हा प्रोब हातात आला तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांवरही लक्ष ठेवते. मास्क नाकापर्यंतच असतो.