चेस्टरफिल्ड म्हणजे काय

विनिपेगहून निघताना दोन स्वेटर घेतले, टोपी मात्र घरीच राहिली. कार्ल्सरूहेला दादाकडे पोहोचल्यावर पहिल्याच दुकानात मी सवयीने ‘टूक’ (कॅनडात लोकरीच्या टोपीला हेच म्हणतात) मागितली. विक्रेतीने गळ्याभोवती घ्यायचे रुमाल काढून दाखवले. जर्मनमध्ये ‘टूख’ म्हणजे कापड, रुमाल.

“तुझी कॅनडाची बोली इथे कोणाला कळणार?” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दादा, कात्रिन वहिनी आणि मी रेल्वेने लारला गेलो. वहिनीची आई तिथे वृद्धाश्रमात असते. दादाची मुलं त्यांना ओमा (आजी) म्हणतात, म्हणून मीही. ओमांना हल्ली फारसं आठवत नाही. तरुणपणी त्या गावातल्या कॅनडाच्या लष्करी तळावर स्वयंपाकघरात कामाला होत्या.

कॉफी आणि केक आला. ओमा मध्येच इंग्रजीत म्हणाल्या, “माझं चेस्टरफिल्ड कुठे आहे?”

वहिनी मला म्हणाली, “आठ महिने हेच चाललंय. त्या नावाची सिगरेट असते. इथे ओढता येत नाही, हे मी दर वेळी समजावते.”

“वहिनी, कॅनडात जुनी माणसं सोफ्याला चेस्टरफिल्ड म्हणतात. माझ्या पहिल्या घरमालकीणबाई म्हणायच्या.”

वहिनी थबकली. तिला आठवलं. तळ बंद झाला तेव्हा एका कॅनडियन कुटुंबाने जाताना ओमांना हिरवा सोफा दिला होता. घरात सगळे त्याला सोफाच म्हणत. ओमांचं घर रिकामं करताना वहिनीने तो श्पेरम्युलमध्ये (अवजड टाकाऊ सामान) देण्यासाठी रस्त्याकडेला ठेवला होता.

“आता काय सांगू?” तिने दादाला विचारलं.

“खरं ते सांग.”

तिने आईचा हात धरून सांगितलं. कचऱ्याची गाडी येण्याआधीच एक तरुण जोडपं सोफा उचलून घेऊन गेलं, हेही सांगितलं.

ओमांनी विचारलं, “त्यांना मुलं आहेत?”

“एक आहे. लहान.”

“मग ठीक.” त्यांनी केकची बशी जवळ ओढली.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती. “ती बसायची जागा मागत होती,” एवढंच ती बोलली.

विनिपेगला आल्यावर मी ऑफिसात तो शब्द विचारून पाहिला. तरुण मंडळींना माहीत नव्हता, निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी ओळखला. शब्द स्वतःच्या देशात विरत चालला होता आणि लारच्या एका खोलीत अजून शाबूत होता.

गेल्या आठवड्यात वहिनीचा मेसेज आला. ओमा आता चेस्टरफिल्ड मागत नाहीत. तिला त्याचं बरं वाटतं की वाईट, ते तिने लिहिलं नाही.