साफ गटातली आई

आमच्या भंडारा जिल्ह्यात पाहुण्याला पाणी द्यायला एखादे वेळी उशीर होईल, खर्रा मात्र लगेच पुढे येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि चिमूट चिमूट वाटून खायचा. त्यातली रसायनं गालाच्या आतल्या पेशींमधला डीएनए कसा तोडतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. पद्धत साधी आहे. गालाला आतून मऊ ब्रश फिरवायचा, निघालेल्या पेशी काचपट्टीवर पसरून रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. धडधाकट पेशीत एकच गोल केंद्रक दिसतं. डीएनए तुटला असेल तर पेशीची वाटणी होताना एखादा तुकडा मागे राहतो आणि केंद्रकाशेजारी बारका ठिपका दिसतो. ठिपका म्हणजे कॅन्सर नव्हे, पण वाट तिकडेच जाते.

खर्रेवाले मिळायला काहीच अडचण नव्हती. तुमसरच्या राइस मिलमधल्या हमालांनी हसत हसत तोंडं उघडली. तुलनेसाठी तंबाखू न खाणारी माणसं हवी होती, ती मी दिघोरीजवळच्या माझ्या गावातून घेतली. सगळ्या धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायका, आणि त्यांत माझी आई. "तंबाखू खाता का?" असं विचारल्यावर सगळ्यांनी कानाला हात लावले. हा माझा साफ गट.

काचपट्टीवर माणसाचं नाव नसतं, नुसती खूण असते, म्हणजे मोजणाऱ्याचं मन कुणाकडे झुकत नाही. सगळ्या पट्ट्या मोजून झाल्यावर खुणा उलगडल्या, तर साफ गटातसुद्धा ठिपके. त्यातही सगळ्यात जास्त ठिपक्यांची पट्टी आईची.

"रंग बिघडला असेल," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. "हा गट टाकून द्या."

मी मुळातच हट्टी. नवा रंग तयार केला, राखून ठेवलेल्या पट्ट्या रंगवल्या, पुन्हा मोजलं. तेच निघालं. मग मला त्या ठिपक्यांचा रागच आला. पेशी खोटं सांगत नाहीत, आणि माझी आई तर मुळीच नाही. सुटीच्या दिवशी भंडाऱ्याहून निघाले आणि कारध्याचा नदीवरचा पूल ओलांडून गाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका तळ्याच्या बांधावर, पाळीवर, बसल्या होत्या, आई मधोमध. तिच्या एका हातात टिनाची डबी होती आणि दुसऱ्या हाताचं बोट काळा लगदा घेऊन दातांवरून फिरत होतं. गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा लगदा. लहानपणापासून रोज पाहत आले होते, म्हणूनच कधी दिसला नव्हता.

"आई, यात तंबाखू आहे ना?"

"तंबाखू कोन खाते वो?" आई थुंकून म्हणाली. "हे त दात घासाचं आहे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला हसूच फुटलं. कुणी खोटं बोललं नव्हतं, गावाच्या लेखी ते मंजनच होतं. आणि माझी पद्धतही चुकली नव्हती. तोंडाने जे सांगितलं नाही ते गालाने सांगितलं होतं. एवढा आनंद मला कुठल्याच परीक्षेच्या निकालाने दिला नव्हता. पण तो गाल आईचा होता, हे आठवलं आणि हसू जिरलं.

तिला भंडाऱ्याला आणलं. दातांच्या डॉक्टरांनी तोंड नीट तपासलं. वाईट असं अजून काही नव्हतं. मग प्रयोगशाळेत बसवून तिला तिचीच पेशी दाखवली. ती बराच वेळ डोळा लावून बसली.

"ह्या मोठ्याजवळ लहानसं काय आहे?"

"तुटून पडलेला तुकडा."

"गुडाखूनं?"

"हो. सोडलास तर नव्या पेशी चांगल्या येतील."

आईने डबी त्याच दिवशी सोडली. डोकं दुखलं, जेवण गोड लागेना, बाबांशी रोज भांडण. पण बोट काही डबीकडे गेलं नाही. माझा हट्ट कुणाकडून आला, ते तेव्हा कळलं.

धान कापून झाल्यावर तिच्या गालाला पुन्हा ब्रश लावला. ती पट्टी इतरांच्या पट्ट्यांत मिसळली आणि मोजायला मुद्दाम सरांना बसवलं. एका पट्टीवर ते थांबले.

"ही कोणाची? छान साफ आहे."

खूण उलगडली. आईची होती. मी सरांसमोर रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. गट टाकून देण्याचं सरांनी पुन्हा नाव काढलं नाही.

आईला फोन केला, तर म्हणते, "मंग आता मले तुह्या साफ गटात टाक."

"तसं नाही टाकता येत, आई. त्यात कधीच गुडाखू न घासलेल्या बायकाच लागतात."

"त माह्यासाठी नवा गट काढ."

काढला. सोडलेल्यांचा गट, त्यात एकटी आई. पण ती गप्प बसणारी थोडीच. रोज सकाळी पाळीवर जाऊन डबी घेऊन बसलेल्या एकेकीला गाठायची आणि तुटक्या तुकड्याची गोष्ट सांगायची. हळूहळू एकेकीची डबी सुटत गेली. आता मी गावी गेले की आमच्या अंगणात बायका आ वासून तयार असतात आणि आई एकेकीला दटावते, "तंबाखू खाते का, ते गुडाखू धरून सांग वो, काही लपवू नोको." माझ्या साऱ्या संशोधनात आज सगळ्यात मोठा गट तिचा आहे.